दाट की ताठ: ध्वनीच्या वेगाच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

जानेवारीतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या चार मुलांनी ध्वनीचा विषय निवडला आहे आणि मार्गदर्शक या नात्याने या नोंदी मी ठेवणार आहे. चौघेही गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील. एकीचे घर दुर्भाटला नदीकाठी आहे, एकाच्या वडिलांचे वेल्डिंगचे दुकान आहे, तिसरा चवथीच्या आरत्यांना घुमट हे मातीचे चर्मवाद्य वाजवतो आणि चौथीचे अक्षर छापल्यासारखे असल्यामुळे आकड्यांची वही तिच्या स्वाधीन केली आहे.

मुलांनी तक्ता आधीच रंगवून आणला होता. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘पदार्थ जितका दाट, तितका ध्वनी त्यातून वेगाने जातो.’ त्याखाली हवेसाठी ३४३, पाण्यासाठी १,४८० आणि पोलादासाठी ५,१०० मीटर प्रतिसेकंद असे तीन आकडे होते. आकडे बरोबर आहेत. वाक्याबद्दल मात्र मी काही बोललो नाही, कारण तेच वाक्य मीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे आणि ते तपासण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. एवढेच ठरवले की तिन्ही वेग आपण स्वतः मोजायचे आणि तोवर तक्ता कपाटावर गुंडाळून ठेवायचा.

सुरुवात म्हणून शाळेच्या आवाराच्या लोखंडी कठड्यावर एक जुना प्रयोग केला. चाळीस मीटरवरून वेल्डरच्या मुलाने हातोडीचा एक ठोका मारला आणि दुर्भाटच्या मुलीने कठड्याला कान लावला. तिला दोन ठोके ऐकू आले, पहिला बारीक आणि टणक, दुसरा भरदार. चाळीस मीटर जायला लोखंडातून सुमारे ८ मिलिसेकंद लागतात, तर हवेतून सुमारे ११५. दोन्हींतले अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे पडते आणि तेवढे कानाला वेगळे ओळखता येते. फ्रान्समध्ये बिओ या शास्त्रज्ञाने १८०८ मध्ये पॅरिसच्या पाणीपुरवठ्यासाठी जोडलेल्या ९५१ मीटर लांबीच्या बिडाच्या नळांवर हाच प्रयोग केला होता. त्याच्या दोन ठोक्यांत सुमारे अडीच सेकंदांचे अंतर पडले आणि त्यावरून बिडातला वेग हवेतल्याच्या साडेदहा पट असल्याचे त्याने काढले.

रेल्वेच्या रुळाला कान लावून पाहावा, अशी सूचना लगेच आली. ती तिथेच मोडून काढली आणि तसे वहीत लिहूनही ठेवले आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज हवेतला वेग मोजला. त्याआधी गेल्या आठवड्यात मुलांनी आपल्या मनाने केलेल्या खटाटोपाची नोंद करणे भाग आहे. शाळेच्या लांब भिंतीपासून साठ मीटरवर उभे राहून टाळी वाजवायची आणि प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ हातातल्या घड्याळाने धरायचा, असा त्यांचा बेत होता. एका मुलाला १९० मीटर प्रतिसेकंद मिळाले, दुसऱ्याला ६१०. जाण्यायेण्याचा सगळा वेळ जेमतेम ०.३५ सेकंद आणि त्यात बोट दाबायलाच ०.२ सेकंद जात असतील, तर याहून बरे काही हाती लागणे शक्य नव्हते. न्यूटननेही केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ओवरीत प्रतिध्वनीवरूनच वेग मोजला होता. मात्र त्याने लहान लंबकाची लांबी कमीजास्त करून त्याचा झोका प्रतिध्वनीशी जुळवला. मुलांपेक्षा त्याची युक्ती सरस होती एवढेच म्हणता येईल.

आम्ही दोन मोबाइल वापरले. फायफॉक्स या ॲपमध्ये आवाजावर चालणारे घड्याळ आहे. ठराविक पातळीवरचा आवाज आला की ते सुरू होते आणि पुढच्या आवाजाला थांबते. मैदानावर बरोबर पन्नास मीटर मोजून दोन स्टुलांवर दोन मोबाइल ठेवले. पहिल्या मोबाइलजवळ एकाने करवंट्या वाजवल्या की तो लगेच सुरू होतो, दुसरा मात्र आवाज पन्नास मीटर चालून गेल्यावर सुरू होतो. थोड्या वेळाने दुसऱ्याजवळ करवंट्या वाजवल्या की तो लगेच थांबतो आणि पहिला उशिरा. दोन्ही घड्याळांतला फरक म्हणजे शंभर मीटरचा वेळ. आवाज एकदा जातो आणि एकदा येतो, त्यामुळे वाऱ्याचा परिणाम बहुतांशी आपोआप कटतो, हे मुलांना सांगावे लागले नाही. घुमटवाल्याने ते स्वतःच ओळखले. करवंट्या घेण्याचे कारण असे की टाळीचा आवाज पसरट असतो आणि करवंटीचा टोकदार.

सकाळी सात वाजता सावलीत तापमान २२.५ अंश सेल्सिअस होते. पहिल्या चार मोजण्या वाया गेल्या, कारण नेमका त्याच वेळी सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, आला आणि त्याच्या भोंप्याने दोन्ही घड्याळे एकदम सुरू केली. पाव घेऊन त्याला मार्गी लावल्यावर बारा मोजण्या झाल्या आणि त्यांची सरासरी ०.२९०५ सेकंद आली. म्हणजे वेग ३४४.२ मीटर प्रतिसेकंद. दुपारी अडीचला तापमान ३३ अंश होते, तेव्हा सरासरी ०.२८५१ सेकंद आली आणि वेग ३५०.८ निघाला. शून्य अंशाला सुमारे ३३१ आणि पुढे दर अंशाला सुमारे ०.६ अशी वाढ धरली, तर सकाळी ३४५ आणि दुपारी ३५१ यायला हवे. एवढे जवळचे उत्तर येईल असे मला वाटले नव्हते.

आता अडचणीचा प्रश्न पुढे आला आणि तो वहीवाल्या मुलीने विचारला. तापलेली हवा फुगते, विरळ होते. मग दुपारच्या विरळ हवेतून आवाज सकाळच्या दाट हवेपेक्षा वेगाने कसा गेला? मी तिला प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगितले. दमट हवाही कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचे रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलके असतात, आणि तिच्यातूनही ध्वनी थोडासा वेगानेच जातो. कपाटावरच्या तक्त्याची मला आजच काळजी वाटू लागली आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर अर्धा तास गणित केले. न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात हवेतल्या ध्वनीचा वेग कागदावर काढला होता: हवेचा दाब घ्या, त्याला घनतेने भागा, वर्गमूळ काढा. तीस अंशाच्या हवेसाठी दाब १,०१,३२५ पास्कल आणि घनता घनमीटरला १.१६४ किलोग्रॅम धरली, तर मुलांचे उत्तर २९५ आले. प्रत्यक्षात तो ३४९ च्या आसपास असतो. न्यूटनचे उत्तर असेच सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी पडत होते आणि शंभराहून जास्त वर्षे ते तसेच राहिले. लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१६ मध्ये चूक दाखवली. ध्वनी जाताना हवा क्षणभर दाबली जाते, दाबली की तापते, आणि ती उष्णता बाजूला निघून जायला वेळच मिळत नाही. त्यामुळे हवा न्यूटनने धरली त्यापेक्षा जास्त जोराने उसळते. दाबाला १.४ ने गुणले की २९५ चे ३४९ होतात.

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला तर तो परत उसळतो, ही उसळी सर्वांच्या ओळखीची आहे. तिलाच मी मुलांपुढे ‘ताठपणा’ म्हटले. पाठ्यपुस्तकातला शब्द स्थितिस्थापकता असा आहे आणि तक्त्यावर तोच येईल. पण आपसांत बोलताना ताठपणा बरा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पाणी आणि लोखंड यांच्यासाठी मोबाइलचे घड्याळ पुरणार नाही. दोन सूक्ष्मध्वनिग्राहक एकाच वेळी, एकाच नोंदीत उतरले पाहिजेत. जत्रांच्या नाटकांना ध्वनियंत्रणा पुरवणारा एक जण गावात आहे. त्याच्याकडे दोन वाहिन्यांचे यूएसबी साउंड कार्ड मागायला गेलो. तो माझ्यापेक्षा वयाने लहान असूनही या विषयात मला त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ निघाले.

मोठ्या देवळाच्या प्रांगणात नाटक असले की मागच्या प्रेक्षकांसाठी मध्यावर आणखी दोन स्पीकर लावावे लागतात. तारेतून जाणारा आवाज तिथे क्षणात पोचतो, पण रंगमंचावरचा आवाज हवेतून रमतगमत येतो, आणि मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

“सर, मी काही सूत्र जाणत नाही,” तो म्हणाला. “मीटरला तीन मिलिसेकंद मागे ओढतो. चाळीस मीटरला एकशेवीस. मग नट तिथूनच बोलतो असे वाटते.”

आमच्या रविवारच्या आकड्यांवरून मीटरला २.९ मिलिसेकंद येतात. साउंड कार्ड त्याने विनामूल्य दिले, फक्त त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या जत्रा चालू असल्यामुळे ते रविवारी रात्रीपर्यंत परत हवे असते.

२४ नोव्हेंबर, रविवार

देवस्थानाची परवानगी घेऊन तळीवर गेलो. आजचा दिवस फुकट गेला. पिझोच्या, म्हणजे ध्वनीचा दाब विजेत बदलणाऱ्या, चकत्यांना तारा डाखून त्या मेणबत्तीच्या मेणात बुडवल्या होत्या. पाण्यात सोडताच मेणाला तडे गेले, पाणी आत शिरले आणि नोंदीत विजेच्या गुणगुणीखेरीज काही उमटले नाही.

१ डिसेंबर, रविवार

या वेळी चकत्यांवर आधी नखरंगाचे दोन थर दिले आणि त्यावर मत्स्यालयाच्या काचा चिकटवतात ते सिलिकॉन दोन दिवस सुकवले. एका चकतीपासून दुसरी बरोबर आठ मीटरवर येईल अशा त्या काथ्याच्या ताणलेल्या दोरीला बांधून मीटरभर खोल सोडल्या. पाण्याचे तापमान २७ अंश होते. वेल्डरच्या मुलाने पायरीवर बसून पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटले. नोंद सेकंदाला ४८,००० नमुने घेते, म्हणजे एक नमुना ०.०२०८ मिलिसेकंदांचा. ऑडॅसिटी या ध्वनिनोंदीच्या संगणक प्रणालीच्या पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक दिसतात आणि दुसऱ्या ओळीतला काटा, म्हणजे ठोक्याची एकदम उभी उठणारी रेघ, किती नमुन्यांनी उशिरा उठला ते मोजायचे.

फरक २२२ नमुन्यांचा आला. हिशेब केला तर वेग १,७३० मीटर प्रतिसेकंद. पुन्हा केले, पुन्हा तेच. २७ अंशाच्या गोड्या पाण्यात तो १,५०० च्या जरासा वर असायला हवा. मुले एकमेकांकडे पाहू लागली आणि मीही दोरी पुन्हा मोजली. ती आठ मीटरच होती.

चूक दिसली ती पायरीवरून खाली पाहताना. दोरी तळीच्या एका भिंतीला समांतर होती, पण दगड आपटणारा मुलगा सोयीची कोरडी पायरी पाहून तिच्या रेषेपासून बराच बाजूला बसला होता. आवाज दोन्ही चकत्यांकडे तिरपा जात असेल, तर त्याला दुसरीपर्यंत पोचायला आठ मीटर जादा चालावे लागत नाही, कमी चालावे लागते; आम्ही मात्र भागायला आठच मीटर घेत होतो. वहीवाल्या मुलीने १,५०० ला १,७३० ने भागले, ०.८७ आले आणि कोष्टकात तो सुमारे तीस अंशांचा कोसाइन निघाला. मुलाच्या जागेपासून दोरीपर्यंत दोरा ताणून पाहिला, कोन तेवढाच भरला. मला हा दिवसातला सर्वांत मोलाचा भाग वाटला, बरोबर उत्तरापेक्षाही.

मुलगा दोरीच्या सरळ रेषेत, गुडघाभर पाण्यात बसला. त्यानंतरच्या आठ मोजण्यांत २५५ ते २५७ नमुने आले. सरासरी २५६, म्हणजे ५.३३ मिलिसेकंद, म्हणजे १,५०० मीटर प्रतिसेकंद. भिंतींवरून परतलेले आवाजही नोंदीत भरपूर आहेत, पण ते मागून येतात. पहिला काटा सरळ वाटेचा असतो आणि आम्हाला तोच हवा.

जिनिव्हाच्या सरोवरावर कोलादों आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी १८२६ मध्ये जे केले ते मुलांना तळीच्या पायऱ्यांवरच सांगितले. एका होडीतून पाण्याखाली घंटा टांगलेली. तिच्यावर हातोडा पडताच वर बंदुकीच्या दारूचा भडका उडायचा. दुसरी होडी साडेतेरा किलोमीटरवर, तिथे रात्रीच्या काळोखात एक जण लांब नळीचे रुंद तोंड पाण्यात बुडवून कान लावून बसलेला. भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंत सुमारे ९.४ सेकंद लागले. आठ अंशाच्या पाण्यात त्यांनी १,४३५ मीटर प्रतिसेकंद काढले, आणि आजच्या मूल्यात नि त्यात चारपाच मीटरचाच फरक आहे. दगड आपटणाऱ्याच्या जागेची चिंता त्यांना नव्हती, कारण त्यांच्या दोनच जागा होत्या.

४ डिसेंबर, बुधवार

काल सेंट झेवियरच्या फेस्ताची सुट्टी होती. दुर्भाटच्या मुलीने घरी विचारपूस करून दोन गोष्टी आणल्या.

पहिली तिच्या भावाची. नदीत बुडी मारली की बोटीचे इंजिन अगदी जवळ वाटते, पण ते कुठल्या बाजूला आहे ते मुळीच कळत नाही. हे खरे आहे आणि कारण आमच्याच आकड्यांत आहे. दोन कानांत सुमारे वीस सेंटीमीटरचे अंतर धरले, तर बाजूने येणारा आवाज हवेतून एका कानाला दुसऱ्यापेक्षा ०.६ मिलिसेकंद आधी पोचतो आणि मेंदू त्या फरकावरून दिशा ओळखतो. पाण्यात तो फरक ०.१३ मिलिसेकंदांवर येतो आणि डोक्यातला हिशेब चुकतो. काठावरून मारलेली हाक मात्र बुडालेल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण हवेतून पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेल्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी हजारातला एखादाच भाग आत शिरतो, बाकी सगळी परत फिरते.

दुसरी गोष्ट मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलरवर काम करणाऱ्या तिच्या मामांची. त्यांच्या केबिनमधले यंत्र खाली ध्वनीचा ठोका सोडते आणि तळावरून तो परत येईपर्यंतच्या वेळावरून खोली दाखवते. तीस मीटर खोलीला जाऊनयेऊन ४० मिलिसेकंद लागतात. यंत्र पाण्यातला वेग १,५०० धरून चालत असेल आणि आपल्या उबदार खाऱ्या समुद्रात तो १,५४० च्या आसपास असेल, तर तीस मीटरऐवजी २९.२ दिसेल. मामांना ऐंशी सेंटीमीटरने काही फरक पडत नाही. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत ज्यांचे काम याच आकड्यांवर चालते त्यांना पडतो. तापमान, खारेपणा आणि खोली या तिन्हींनी समुद्रातला ध्वनीचा वेग बदलतो.

८ डिसेंबर, रविवार

आज लोखंड. वेल्डिंगच्या दुकानातून सहा मीटरचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप मिळाला, तो चार जुन्या टायरांवर आडवा ठेवला. दोन चकत्या साडेपाच मीटर अंतरावर पाइपला घट्ट आवळल्या.

पहिल्या नोंदींतून वेग दोन हजारांच्या खालीवर निघाला आणि प्रत्येक वेळी वेगळा. हे कोडे सुटायला तासभर लागला. मुलगा हातोडी पाइपच्या कडेवर, वरून मारत होता. अशा ठोक्याने पाइप वाकतो आणि वाकण्याची लाट पाइपभर सरपटत जाते. ती संथ असते आणि तिचे उंच व खालचे सूर वेगवेगळ्या वेगांनी जातात. आम्ही पडद्यावरचा ठसठशीत काटा मोजत होतो, तो त्या लाटेचा होता. आम्हाला हवी होती ती दाबण्याची लाट, पुस्तकातली अनुतरंग, जिच्यात लोखंडाचे कण लाटेच्या दिशेनेच मागेपुढे होतात. तिच्यासाठी ठोका पाइपच्या तोंडावर, लांबीच्या दिशेने मारायला हवा.

“म्हणजे खिळा ठोकतात तसा,” वेल्डरचा मुलगा म्हणाला, आणि तसा मारला.

आता मोठ्या काट्याच्या आधी एक लहानसा पण सुबक काटा दिसू लागला. ५२, ५३, ५४, ५३ नमुने. सरासरी ५३, म्हणजे १.१०४ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ४,९८० मीटर प्रतिसेकंद. एका नमुन्याची चूक इथे दोन टक्के होते, तेव्हा ‘सुमारे ५,०००, शंभरभर इकडेतिकडे’ असेच वहीत लिहिले आहे. मुलांना ४,९८१ लिहायचे होते. गणकयंत्राने दिलेला शेवटचा अंक आपल्या मालकीचा नसतो, यावर थोडी बाचाबाची झाली.

तिन्ही वेग मोजून झाले. वरवर पाहता तक्त्यावरचे वाक्य टिकले: हवा विरळ आणि संथ, पाणी दाट आणि वेगवान, लोखंड सर्वांत दाट आणि सर्वांत वेगवान. मुले तक्ता खाली काढायला निघाली होती. वहीवाल्या मुलीने १७ नोव्हेंबरचे पान उघडून समोर धरले.

१४ डिसेंबर, शनिवार

फोंड्याच्या बाजारातून एक एक मीटरच्या तीन गुळगुळीत कांड्या आणल्या, ॲल्युमिनियम, पोलाद आणि पितळ. कांडी बरोबर मध्यावर दोन बोटांत धरायची आणि तोंडावर लहान हातोडीने ठोका द्यायचा. दाबण्याची लाट कांडीत मागेपुढे धावत राहते आणि कांडी गाऊ लागते. मधला बिंदू स्थिर राहतो, दोन्ही टोके हलतात, त्यामुळे सुराच्या तरंगलांबीचा अर्धा भाग म्हणजे कांडीची लांबी. मोबाइलवर वारंवारता वाचली आणि दुप्पट केली की वेग मिळतो. घड्याळ नको आणि साउंड कार्डही नको.

प्रयोगाआधी मी प्रत्येकाला अंदाज लिहायला लावला. कांड्या हातात तोलून पाहा आणि वेगाचा क्रम लावा. ॲल्युमिनियम हाताला पोकळ वाटावे इतके हलके, पोलाद त्याच्या जवळजवळ तिप्पट जड, पितळ पोलादाहूनही जड. तक्त्यावरच्या वाक्याप्रमाणे चौघांनीही क्रम लावला: पितळ पहिले, पोलाद दुसरे, ॲल्युमिनियम शेवटचे.

ॲल्युमिनियम २,५२० हर्ट्झला गायले. पोलाद २,५४० ला. दोन्ही सुरांत कानाला जेमतेम फरक कळतो. घुमटवाल्याने दोन्ही कांड्या एकामागून एक वाजवून पाहिल्या आणि डोळे मिटून कुठली कुठली ते त्याला सांगता आले नाही. पितळ १,७२० ला गायले, स्पष्टपणे खाली. म्हणजे वेग अनुक्रमे ५,०४०, ५,०८० आणि ३,४४०. सर्वांत जड कांडी सर्वांत संथ, आणि तिप्पट वजनाचा फरक असलेल्या दोघी बरोबरीच्या.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी फळ्यावर कोष्टकातले आकडे लिहिले. पोलाद ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट दाट आहे, पण ताणायला किंवा दाबायलाही ते सुमारे तिप्पट ताठ आहे: २०० विरुद्ध ६९ गिगापास्कल. ताठपणाला घनतेने भागले की दोघांचा भागाकार जवळजवळ सारखाच येतो आणि वर्गमूळही. पितळ पोलादाहून दाट, पण ताठपणा निम्माच, सुमारे १०० गिगापास्कल. शिसे तर पितळाहूनही दाट आणि अगदीच मऊ. त्याच्या कांडीत ध्वनी सेकंदाला सुमारे १,२०० मीटरच जातो, म्हणजे तळीतल्या पाण्यापेक्षाही हळू.

यावर उदाहरण घुमटवाल्याने दिले आणि ते माझ्या कोष्टकापेक्षा लवकर पोचले. चवथीच्या दिवसांत पाऊस असतो, दमट हवेने घुमटाचे चामडे सैल आणि जड होते आणि आवाज बसतो. आरतीआधी ते विस्तवावर शेकले की चामडे ओढले जाते आणि आतली ओल उडते; ताण वाढतो, वजन घटते आणि सूर चढतो. चामड्यावरची लाट आणि कांडीतली लाट एक नव्हे, पण हिशेबाची रीत एकच: परत ओढणारी शक्ती वर, हलवायचे ओझे खाली. दाटपणा हा ओझ्याच्या बाजूचा आहे. तो एकटा वाढला तर वेग कमीच होतो.

मग पाणी हवेपेक्षा वेगवान का, हे मुलांनी स्वतः मांडले. पाणी हवेच्या सुमारे ८६० पट दाट आहे, पण सुमारे १५,५०० पट ताठ. भागाकार १८, वर्गमूळ सव्वाचार. १,५०० ला ३४९ ने भागून त्यांनी ताळा केला: ४.३. दुपारच्या हवेचेही उत्तर मिळाले. मोकळ्या मैदानात हवेचा दाब सकाळी जेवढा तेवढाच दुपारी, म्हणून ताठपणाही तेवढाच. ओझे मात्र कमी.

सुताराकडून आणलेली मीटरभर सागवानी पट्टी शेवटी वाजवली. २,१४० हर्ट्झ, म्हणजे वेग ४,२८०. पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडातून ध्वनी पितळापेक्षा वेगाने जातो, हे पाहून वेल्डरच्या मुलाने पट्टी तीनदा वाजवून खात्री केली. हा वेग रेषांच्या दिशेचा आहे. रेषांना आडवा तो बराच कमी असतो.

१५ डिसेंबर, रविवार

वायूंमध्येही जडपणाचा परिणाम पडताळून पाहिला. खाली बूच लावलेल्या अर्ध्या मीटरच्या पीव्हीसी नळीच्या तोंडावर चप्पल मारली की ‘डुब्’ असा सूर निघतो; हवेने भरलेली असताना तो १७२ हर्ट्झ होता. मग बाटलीत खाण्याचा सोडा आणि माडाच्या सुरेचे विनेगर एकत्र करून निघणारा कार्बन डायऑक्साइड रबरी नळीने तळाशी सोडला. सूर १४८ वर उतरला. शुद्ध वायूत तो १३५ च्या आसपास जायला हवा होता, पण चपलेच्या प्रत्येक फटक्याबरोबर थोडी हवा आत शिरत होती. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, दाब तोच, म्हणून वेग कमी. प्रयोगशाळेला दिवसभर आंबूस वास येत होता.

१९ डिसेंबर, गुरुवार

मुक्तिदिनाचे झेंडावंदन आटोपल्यावर मुले थांबली. तक्त्यावरचे जुने वाक्य कागद चिकटवून झाकले आणि त्या जागी सूत्र व तीन कांड्यांचे आकडे आले. गोव्यातले प्रदर्शन, तेव्हा चिऱ्यातला, म्हणजे जांभ्या दगडातला, वेगही तक्त्यात हवा, असा मुलांचा आग्रह होता आणि त्यासाठी एक रकाना त्यांनी आधीच आखून ठेवला होता.

अडतीस सेंटीमीटरच्या चिऱ्याच्या दोन टोकांना चकत्या लावल्या. आकडे आले ८, ११, ९, १२, ९ नमुने. एवढ्या छोट्या फरकात एका नमुन्याची चूकही दहा टक्क्यांहून जास्त होते, शिवाय चिरा आतून सच्छिद्र असल्यामुळे ठोक्याची जागा दोन बोटे सरकली तरी आकडा बदलतो. लांबी वाढवावी म्हणून सहा चिरे एकापुढे एक टेकवून ठेवले, तर पलीकडे काही पोचलेच नाही. खडबडीत पृष्ठभाग मोजक्याच टोकांवर टेकतात आणि मधल्या हवेच्या फटीत आवाज अडतो. चुन्याने किंवा सिमेंटने जोडले तर चिऱ्याबरोबर सांध्याचाही वेग मोजला जाईल.

पाच आकड्यांची सरासरी काढून लिहावी, असे तिघांचे मत पडले. वहीवालीने फूटपट्टी घेतली आणि त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली.